आकारिक आणि संकलित : सहावी ते आठवीच्या पालकांसाठी

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका शाळेत मी सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. जूनमधील पहिल्या पालक सभेपासून एप्रिलच्या निकालापर्यंत आकारिक आणि संकलित या मूल्यमापनाच्या दोन प्रकारांविषयी एकच गैरसमज मला दरवर्षी निरनिराळ्या तोंडून ऐकावा लागतो. काही पालकांच्या मते आकारिक म्हणजे छोटी परीक्षा आणि संकलित म्हणजे मोठी परीक्षा. स्वतःला अधिक माहीतगार समजणारे पालक सांगतात की आकारिक म्हणजे शाळेच्या हातातले मार्क, ते बाई देतातच. पहिले म्हणणे चुकीचे आहे. दुसरे चुकीचे तर आहेच, शिवाय त्यामुळे मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होते, आणि हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या म्हणण्यासाठी लिहीत आहे.

संकलित मूल्यमापनावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही, कारण ते आपण सर्वांनी आपापल्या शाळेत अनुभवले आहे. सत्राच्या अखेरीस, म्हणजे एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी आणि एकदा एप्रिलच्या सुमारास, ठरलेल्या वेळापत्रकानुसार लेखी परीक्षा होते आणि तिला तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे थोडे गुण जोडलेले असतात. आपल्या पिढीने सहामाही आणि वार्षिक म्हणून जे दिले त्याच्याशी हे बरेचसे मिळतेजुळते आहे. सातवी-आठवीत एका विषयाच्या १०० गुणांपैकी ६० गुण संकलितचे असतात (५० लेखी, १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक) आणि ४० आकारिकचे. सहावीत दोन्हींना ५०-५० गुण असतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना संकलित नसतेच, तेथे सर्व गुण आकारिकचे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ही सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. म्हणजे आज सातवीत असलेल्या मुलाच्या जन्माआधीपासून ती चालू आहे, तरीही घराघरांत ती नवीनच मानली जाते.

आता मुद्द्याकडे येते. दोन्ही मूल्यमापनांत मुलाला प्रश्न विचारला जातो, दोन्हींत गुण नोंदवले जातात, दोन्हींत चूक होऊ शकते. फरक त्या चुकीचे पुढे काय होते, यात आहे.

सातवीच्या गणितात समप्रमाण आणि व्यस्त प्रमाण हे प्रकरण आहे. आमच्या भागात आल्याचे पीक असल्यामुळे मी फळ्यावर उदाहरण देते ते भांगलणीचे, म्हणजे पिकातले तण काढण्याचे : एका रानाच्या भांगलणीला १२ बायकांना ५ दिवस लागतात, तर १५ बायकांना किती दिवस लागतील? उत्तर ४ दिवस आहे. वर्गातील काही मुले मात्र दरवर्षी न चुकता सव्वासहा दिवस असे उत्तर काढतात, कारण त्यांनी आधीचे समप्रमाणाचे गणित मनात धरून १५ ला ५ ने गुणून १२ ने भागलेले असते. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, मांडणी स्वच्छ, आणि उत्तर मात्र असे की जास्त बायका लावल्यावर काम लांबते.

हीच चूक मला डिसेंबरमध्ये, वर्गात फिरताना, मुलाच्या वहीत दिसली तर मी त्याच्याजवळ थांबते आणि एवढेच विचारते की तुमच्या रानात उद्या तीन बायका जास्त आल्या तर काम लवकर उरकेल की उशिरा. मूल हसते, खोडते आणि पुन्हा मांडते. त्याच दिवशी आणखी सात-आठ वह्यांत तीच चूक आढळली, तर दोष मुलांचा नसून माझ्या शिकवण्याचा आहे हे मला कळते आणि दुसऱ्या दिवशीचा तास मी बदलते. आकारिक मूल्यमापन म्हणजे हे. घडत असलेल्या शिकण्याला आकार देण्यासाठी वेळीच घेतलेली नोंद, असा त्या शब्दाचा साधा अर्थ आहे. नोंदवहीत जाणारे गुण हे त्या कामाचे मागे राहिलेले चिन्ह असते.

तीच चूक एप्रिलच्या उत्तरपत्रिकेत आली की मी लाल शाईने शून्य देते आणि पुढचा प्रश्न तपासायला घेते. तेव्हा माझ्या हातात दुसरे काही उरलेले नसते. संकलित मूल्यमापन सत्रभर काय जमा झाले ते मोजते आणि तसे मोजणे आवश्यकही आहे. परंतु मोजताना ते काही घडवीत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे आकारिकची साधने इतकी विविध का आहेत, तेही समजते. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी लेखी चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि स्वयंमूल्यमापन, गटकार्य यांसारखी इतर साधने अशी ती आठ आहेत. चाचणी हे त्यांपैकी केवळ एक साधन आहे. त्यामुळे ‘आकारिक कधी आहे?’ या प्रश्नाला तारीख नसते. ते सोमवारीही आहे आणि मंगळवारीही आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘चाचणीचे वेळापत्रक टाका’ असा निरोप आला की मला खरोखर वाईट वाटते, कारण आकारिकमधील चाचणी वेळापत्रक जाहीर न करता अनौपचारिकपणे घ्यायची आहे. पाठांतराची तयारी नसताना मुलाला काय येते तेच मला पाहायचे असते. पुस्तक उघडे ठेवून घेतलेल्या चाचणीबद्दल तक्रार करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे की पुस्तकासह चाचणी हा मान्य प्रकार आहे. पुस्तक समोर असूनही योग्य सूत्र शोधून ते योग्य ठिकाणी वापरणे हे कौशल्य सातवीत फार थोड्या मुलांना येते.

यातून घरच्यांकडून असलेली माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची अपेक्षा निघते : मुलाची चुकलेली वही मला जशीच्या तशी मिळावी. शिकवणीत आधी तपासून, खोडून, बरोबर उत्तरे उतरवून आणलेली वही सुंदर दिसते, पण तिच्यात मला वाचण्यासारखे काही नसते. भांगलणीचे सव्वासहा दिवस घरीच खोडले गेले, तर त्या मुलाची समजूत चुकीची आहे हे मला कळायला एप्रिल उजाडतो. म्हणजे जेथे चूक केल्याने फायदा होतो त्या ठिकाणी आपण ती झाकतो आणि जेथे तिचा तोटा होतो तेथे ती उघडी पडते. पालकांनी गृहपाठासाठी मुलाला बसवावे, वेळ द्यावा, अडल्यास प्रश्न मोठ्याने वाचून घ्यावा. उत्तर सांगू नये. मुलाला आले नाही तर समासात ‘येथे अडले’ असे त्याच्याच हाताने लिहून पाठवावे. ते दोन शब्द मला पानभर बरोबर उत्तरांपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

दुसरी अपेक्षा प्रकल्पाबद्दल आहे, आणि याबाबत माझे मत कठोर आहे हे मी लपवीत नाही. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला तयार तक्ता किंवा वडिलांनी रात्री जागून बनवलेली थर्माकोलची प्रतिकृती मी प्रकल्प म्हणून स्वीकारत नाही. ज्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माण-खटावात पाचशेच्या आसपास, त्या जिल्ह्यातील मुलाने उभ्या काठाची बरणी उघड्यावर ठेवून जून ते सप्टेंबर रोज पट्टीने पाऊस मोजावा आणि त्याचा स्तंभालेख काढावा, यापेक्षा चांगला प्रकल्प मला सुचत नाही. त्याला खर्च शून्य आहे. वहीत चार दिवसांच्या नोंदी राहून गेल्या असतील तर तसे लिहावे. त्याचे गुण मी कापत नाही. नंतर आठवून भरलेल्या आकड्यांचे मात्र कापते, आणि ते ओळखू येतात.

उपस्थितीचा मुद्दाही याच फरकाशी बांधलेला आहे. गावच्या यात्रेसाठी मूल दोन दिवस आले नाही, याबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु ‘परीक्षेला हजर राहील, मग मध्ये पंधरा दिवस मामाकडे राहिले तर काय बिघडले?’ या विचारात संकलित सांभाळले जाते आणि आकारिक बुडते. परीक्षा एका दिवसाची असल्याने तिला हजर राहता येते. पंधरा दिवसांचे निरीक्षण एका दिवसात करता येत नाही. मेंढरे घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे, त्यांच्यापुढे पर्याय नसतो. त्यांनी निघण्यापूर्वी एकदा सांगितले तर सोबत नेण्याचे स्वाध्याय मी काढून देते आणि फोनवर तोंडी काम घेते. तेही आकारिकच आहे आणि त्याची रीतसर नोंद होते.

राहता राहिले ‘बाई देतातच’ हे वाक्य. याचा दोष सर्वस्वी पालकांवर टाकणे न्याय्य होणार नाही. वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तिका समोर ठेवून पन्नास मुलांना ‘गृहपाठ वेळेवर करतो’ असे लिहिणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि सर्वांना चाळीसपैकी अडतीस गुण देऊन मोकळ्या झालेल्या शाळांविषयीही ऐकले आहे. तेथे आकारिक मूल्यमापन झालेलेच नसते, केवळ रकाना भरलेला असतो. पालकांनी त्याविरुद्ध अवश्य बोलावे. मात्र त्यासाठी आधी प्रगतिपुस्तकातील ‘सुधारणा आवश्यक’ या नोंदीखाली काय लिहिले आहे ते वाचायला हवे. बहुतेक सह्या श्रेणी पाहून होतात आणि ती ओळ न वाचताच पुस्तक परत येते.

अलीकडे त्यात एक नवा गोंधळ मिसळला आहे. २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा होते आणि त्यातही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याच वर्गात राहतो. यावरून आकारिक बंद झाले असे अनेकांनी गृहीत धरले. तसे झालेले नाही. वार्षिक परीक्षा दुसऱ्या सत्रातील संकलितच्या जागी आली आहे. वर्षभराचे आकारिक चालूच आहे, आणि आठवीच्या मुलाची चूक जानेवारीत सापडणे आता पूर्वीपेक्षाही अधिक गरजेचे झाले आहे. वर्षारंभी होणारी पायाभूत चाचणी हा आणखी वेगळा प्रकार आहे. मागील इयत्तेतील काय राहून गेले हे पाहण्यापुरती ती असते, तिचा ताण घेऊ नये.

शेवटी प्रगतिपुस्तक कसे वाचावे याबद्दल. सातवीच्या दोन मुलांना गणितात ६४ गुण आणि ब-२ श्रेणी मिळाली, असे समजू. पहिल्याला आकारिकमध्ये ४० पैकी ३६ आणि संकलितमध्ये ६० पैकी २८ आहेत. दुसऱ्याला १६ आणि ४८. श्रेणी एक असली तरी दोघांच्या घरी करायचे काम अगदी भिन्न आहे. पहिला वर्गात समजून घेतो, पण ठरावीक वेळेत लिहिण्याचा सराव त्याला नाही, किंवा मग त्याच्या वह्या दुसऱ्या कोणीतरी पूर्ण केलेल्या आहेत. दुसऱ्याने परीक्षेपुरते पाठ केले आहे, आणि आठवीत वर्गसमीकरणाच्या दिशेने जाणारी बीजगणिताची वाट सुरू होताच ते पाठांतर त्याला पुरणार नाही. बेरजेवरून यातले काहीच कळत नाही. वेगवेगळे गुण शाळेच्या नोंदपत्रकात असतात आणि ते पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वर्गातच थांबते. येताना मुलाला आणि त्याची न खोडलेली वही सोबत आणावी.