गोळी किती महिने चालेल आणि माणूस किती जगेल

'ऑसिमर्टिनिब या गोळीवर १९ महिने मिळतात.' फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चौथ्या स्टेजचा रुग्ण असलेल्या घरात हे वाक्य पोचलं की मुलीचं लग्न अलीकडे ओढायची बोलणी सुरू होतात. आकडा खरा आहे, पण तो आयुष्याचा नाही. तो पीएफएसचा आहे, म्हणजे प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हलचा: आजार पुढे न सरकता गेलेल्या काळाचा.

दुसरा आकडा ओएस, म्हणजे ओव्हरऑल सर्व्हायव्हल, सगळ्यांनाच कळतो: औषधाच्या चाचणीत दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ. ओएस काय किंवा पीएफएस काय, छापले जाणारे आकडे मध्यक असतात. निम्मे रुग्ण त्याच्या पुढे जातात.

घोळ होतो तो पीएफएसचा. आजार पुढे सरकला की नाही, हे बहुतेक वेळा स्कॅनवर ठरतं. निवडक गाठींच्या मापांची बेरीज करतात. ती आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्क्यांनी आणि किमान ५ मिमीने वाढली, किंवा नवी गाठ दिसली, की पीएफएस तिथे संपतो. समजा सुरुवातीला बेरीज ८० मिमी होती, गोळीने ती ४० वर आली आणि पुढच्या स्कॅनला ४८ भरली. नियमाने हे प्रोग्रेशन झालं. गाठी मात्र सुरुवातीपेक्षा अजून कितीतरी लहान आहेत आणि रुग्ण कदाचित रोजच्यासारखा जिना चढतो आहे.

ईजीएफआर म्यूटेशन, म्हणजे गाठीतल्या ईजीएफआर जनुकात बदल, असलेल्या रुग्णांवरच्या फ्लॉरा चाचणीत ऑसिमर्टिनिबचा पीएफएस १८.९ महिने होता, ओएस ३८.६. म्हणजे दुपटीहून जास्त. टाटा मेमोरिअलच्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबवर, म्हणजे याच प्रकारच्या जुन्या गोळीवर, हेच आकडे ८ आणि १७ होते. गोळी थकल्यावरही उपचार उरतात: मेंदूत एखादीच गाठ वाढली असेल तर तिला रेडिएशन देऊन तीच गोळी चालू ठेवता येते, पुन्हा बायोप्सी करून औषध बदलता येतं, केमो असतेच.

उलट बाजूही बघा. आयपास चाचणीत म्यूटेशन असलेल्यांचा पीएफएस गेफिटिनिबवर ९.५ महिने, केमोवर ६.३. ओएस मात्र २१.६ आणि २१.९, म्हणजे जवळपास सारखाच, कारण केमोवाल्यांपैकी बऱ्याच जणांना नंतर याच प्रकारची गोळी मिळाली. म्हणून महागड्या औषधासाठी जमीन विकायला निघण्याआधी ओएसमध्ये किती फरक पडला, हे विचाराच. नुसता पीएफएस सांगून औषध गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही.

डॉक्टरांनीही 'दीड वर्ष' एवढंच म्हणून फाईल मिटू नये. 'ही गोळी साधारण दीड वर्ष आजार धरून ठेवते, मग पुढचं औषध बघू' एवढं बोलायला किती वेळ लागतो?

आणि नातेवाइकांनी आणखी एक विचारावं: चाचणीतले रुग्ण आमच्या माणसासारखे होते का? फ्लॉरात हिंडते-फिरतेच घेतले होते. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याच्यासाठी यातला कुठलाच आकडा जसाच्या तसा धरू नका.