गोष्ट म्हणजे वाटाघाट? एका दाव्याची पार्श्वभूमी

‘पात्रांमध्ये देवाणघेवाण नाही, तर गोष्ट नाही’ हे विधान दिसतं तितकं जुनं नाही. त्याच्या आधी गादीवर ‘संघर्ष’ होता. १८९४ साली पॅरिसच्या एका समीक्षकाने नाटकाचा नियमच सांगून टाकला: अडथळ्यांशी झुंजणारी इच्छाशक्ती असेल तरच नाटक. १९१२ मध्ये लंडनच्या दुसऱ्याने तो खोडून काढला. त्याच्या मते पेचप्रसंग पुरतो, झुंज असायलाच हवी असं नाही. तरी संघर्षच टिकला. शिकवायला सोपा ना!

वाटाघाटीचा विचार बळावला तो तालमीच्या खोलीत. विसाव्या शतकात नटाने प्रत्येक वाक्यामागे ‘मला समोरच्याकडून काय हवंय?’ असं विचारायची पद्धत रुजली. मग ‘दार लावू का?’ म्हणजे कधी ‘थांब ना’, कधी ‘नीघ आता’. १९७४ पासून टेबलावरचे भूमिका-खेळ आले, ज्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतो. तिथे खेळाडू खरोखरच बोलून पुढचा प्रसंग ठरवतात. पण ती वाटाघाट खेळाडूंची, पात्रांची नव्हे.

मराठीत आणखी एक खड्डा आहे, ‘संधी’ या शब्दाचा. नाट्यशास्त्रातले पाच संधी दाखवून ‘आपल्याकडेही हेच होतं’ म्हणायचा मोह होतो. पण तिथे संधी म्हणजे कथानकाचा सांधा: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. तह हा अर्थ राजनीतीतला, विग्रहाच्या म्हणजे युद्धाच्या जोडीने येणारा. नोकरीची संधी आणखी तिसरीच. शिवाय आरंभापासून फलागमापर्यंतच्या पाच अवस्था मोजतात त्या नायकाची फळाकडची वाटचाल. बोलणी व्हायलाच हवीत अशी अट त्यात नाही.

चिनी कवितेतून निघून जपानी चार चौकटींच्या चित्रकथेत स्थिरावलेली मांडणीही अशीच: सुरुवात, विस्तार, कलाटणी, जुळवणी. तिथे कुणी कुणाकडे काही मागितलं नाही तरी चालतं.

वाटाघाटवाल्यांकडे एक हुकमी पान आहे, फसलेली शिष्टाई. पाच गावं मागितली, सुईच्या अग्राएवढी जमीनही मिळाली नाही. ती बोलणी वगळली तर युद्ध उरतं, पण त्याचं ओझं कुणाच्या माथी हे धूसर होतं. इथवर मान्य.

आता बंद पडलेल्या लिफ्टमधला एकटा माणूस घ्या. तो स्वतःच्या भीतीशी वाटाघाट करतोय, असं उत्तर मिळतं. मग अंधाराशीही करतो म्हणा, लिफ्टच्या दोराशीही! चार तासांनी वीज येते, दार उघडतं, तो बाहेर पडतो आणि जिन्याने खाली जातो.