जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची आहे? आधी कागद, मग पाना

घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली राजदूत, येझदी किंवा आरएक्स १०० चालू करायचं ठरलं, की पहिली यादी होते ती पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट आणि कार्ब्युरेटर किटची. पण पहिला नट सैल करण्याआधी आरसी बुक शोधा. इंजिन कितीही बसलेलं असलं तरी ते बांधता येतं. पार्ट मिळतात, नाही मिळाले तर लेथवर करून घेता येतात. चॅसी नंबर आणि आरसी मात्र एकमेकांशी जुळत नसतील, तर सहा महिने खपून चकाचक केलेली गाडी गॅरेजच्या दाराबाहेर काढता येत नाही.

हातात गाडी आहे, पण ती सरकारदरबारी आहे का?

जुन्या गाड्यांची नोंदणी हाताने भरलेल्या पुस्तकात होती. ती सगळीच 'वाहन' या संगणकीय प्रणालीत चढलेली नाही. त्यामुळे परिवहन पोर्टलवर आधी गाडीचा नंबर टाकून बघा. माहिती दिसली तर मालकाचं नाव, नोंदणीची मुदत, बँकेचा बोजा, थकीत ई-चलन या सगळ्यांवर नजर टाका. काहीच दिसलं नाही, तर मूळ आरसी घेऊन ज्या आरटीओत गाडी नोंदली आहे तिथे 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही. ऑनलाइन नोंद नसेल तर पुढचा कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही आणि पीयूसी काढतानाही अडतं.

आरसी हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागता येते. मात्र तो अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो. म्हणूनच 'कागद नाहीत, पण गाडी ओरिजिनल आहे' असं सांगून कोणी स्वस्तात गाडी देत असेल, तर ती सुट्या भागांसाठी घ्या, रस्त्यासाठी घेऊ नका. ज्या गाडीची नोंदणी रद्द होऊन ती भंगारात निघाली आहे तिची चॅसी आणून दुसऱ्या आरसीवर चालवणं हा तर सरळ गुन्हा आहे.

गाडी तुमच्या नावावर हवी

विकत घेतलेल्या गाडीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला दिलेली सूचना, फॉर्म ३० म्हणजे नावावर करण्याचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस मिळतात. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांची ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (पॅन नसेल तर) फॉर्म ६०. कधीकाळी कर्ज काढून गाडी घेतलेली असेल आणि बोजा अजून आरसीवर दिसत असेल, तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. कर्ज फिटून वीस वर्षं झाली तरी हा बोजा आपोआप उतरत नाही.

गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर मूळ आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर आणावी लागते. ती देण्याआधी गाडी चोरीची नाही ना हे तपासलं जातं. नंतर इथे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७ आणि इथला रोड टॅक्स. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली, की नवा नंबर घेणं कायद्याने भाग आहे.

सगळ्यात जास्त घोळ वारशाच्या गाड्यांत होतो. आजोबांची गाडी घरातच आहे, म्हणून कुणी नावावर करत नाही. मग आजोबा जातात, वडीलही जातात आणि नातू गाडी उघडतो तेव्हा आरसीवर दोन पिढ्यांपूर्वीचं नाव असतं. अशा वेळी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण वारसांची संख्या वाढते आणि सह्या गोळा करणं अवघड होत जातं. आत्या, काका सह्या द्यायला तयार आहेत तोवर हे उरकून घ्या. हल्ली आरसीवर वारसदाराचं नामांकन करता येतं. गाडी नावावर झाली की तेही त्याच वेळी करून टाका.

चॅसी नंबर जपा

जुन्या मोटरसायकलींवर चॅसी नंबर बहुधा हँडलखाली, जिथे फोर्क बसतो त्या जाड नळीवर ठोकलेला असतो. इंजिन नंबर क्रँककेसवर. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी आरटीओचे निरीक्षक हेच दोन नंबर आरसीशी ताडून बघतात आणि अर्जावर त्यांची पेन्सिल प्रिंट लागते: नंबरावर पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं कागदावर उमटतात.

घरच्या गॅरेजमध्ये हा नंबर दोन ठिकाणी मरतो. एक, गंज काढताना ग्राइंडरखाली. दोन, पावडर कोटिंगमध्ये. चॅसी सँडब्लास्टिंगला जाते, कारागीर सगळीकडे सारखा मारा करतो, नंबराच्या कडा बोथट होतात आणि त्यावर कोटिंगचा जाड थर बसला की खोलगट अक्षरं भरून निघतात. मग निरीक्षकाच्या बोटाला काहीच लागत नाही. म्हणून चॅसी द्यायच्या आधी त्या जागेचा जवळून फोटो काढा, पेन्सिल प्रिंट घेऊन तारीख घाला, आणि तेवढ्या पट्टीवर उष्णता सहन करणारी टेप लावून ती ब्लास्टिंगमधून आणि कोटिंगमधून वगळायला सांगा. त्या पट्टीवर नंतर हाताने पातळ रंगाचा एक हात पुरतो. नंबर आधीच अस्पष्ट झाला असेल तर स्वतः पंच मारू नका. आरटीओकडे अर्ज करून, त्यांच्या आदेशानेच नंबर पुन्हा ठोकून घ्यायचा असतो.

काय बदलता येतं, काय नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मुळात जे तपशील दिले आणि जे आरसीवर आहेत, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून हीच गोष्ट ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा सरळ अर्थ असा, की गाडी मूळ रूपात परत आणायला परवानगी लागत नाही. रूप बदलायला लागते, आणि अनेक बदलांना ती मिळतच नाही. मागची चॅसी कापून कॅफे रेसर करणं, लांब फोर्क टाकून चॉपर करणं, लहान गाडीत जास्त सीसीचं इंजिन बसवणं, हे सगळं त्या दुसऱ्या गटात मोडतं. अशी गाडी बघायला कितीही देखणी झाली तरी ती पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, उभी करता येत नाही.

त्याच मॉडेलचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या आणि ते इंजिन कुठून आलं याचं बिल किंवा कागद जपा. बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. बिल नसलेलं इंजिन म्हणजे उद्या चोरीच्या गाडीचं निघण्याची शक्यता, तेव्हा तिथे मोह आवरा. इलेक्ट्रिक किट बसवायचा असेल तर त्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेला किट आणि अधिकृत बसवणाराच हवा. त्यानंतर आरसीवरचा इंधनाचा रकाना बदलतो.

रंगाची नोंद आरसीवर असते, त्यामुळे लालची काळी करायची असेल तर रंग मारण्याआधी अर्ज करा. एक रंग मात्र कोणालाच मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. जुन्या बुलेटला 'मिलिटरी लूक' देण्याची हौस अनेकांना असते, ती इथेच थांबवावी लागते.

लहानसहान गोष्टींतही नियम दडलेले आहेत. मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या गाडीला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण असावं असं नियम १२३ म्हणतो. साडी गार्ड काढून टाकला की गाडी सडसडीत दिसते खरी, पण मागे बसलेल्याची ओढणी चाकात गेली तर काय होतं याचा विचार करूनच तो नियम केलेला आहे. तो परत लावा. सायलेन्सर आतून पोकळ केलेला नको. आरसा आणि हॉर्न पासिंगच्या दिवशी तपासला जातो. सीटचं कव्हर, ग्रिप्स, क्रोम, पिनस्ट्रायपिंग, त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या टाकीची नक्षी, यांत हौसेला भरपूर वाव आहे आणि माझ्या मते जुन्या गाडीला तेच शोभतं.

नूतनीकरण: फॉर्म २५

खासगी मोटरसायकलची नोंदणी १५ वर्षं चालते, नंतर दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. फॉर्म २५ सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६० आणि पेन्सिल प्रिंट जोडा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटरसायकलच्या नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलसाठी ती २,००० केली. उशिराला महिन्याला ३०० रुपये जादा. चार वर्षं मुदत उलटलेली गाडी असेल तर ४८ महिन्यांचे १४,४०० होतात, आणि गाडीची किंमत ठरवताना हा आकडा विकणाऱ्यासमोर ठेवायला हरकत नाही. भरायची रक्कम अर्जाच्या वेळी पोर्टलवर दिसेल तीच धरा. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरात जुन्या गाड्यांचे नियम वेगळे आहेत, तिथल्या गाडीचा विचार स्वतंत्रपणे करा.

पीयूसीसाठी गाडी नेण्याआधी कार्ब्युरेटर जुळवून घ्या. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी मर्यादा आहे. नीट बांधलेलं टू-स्ट्रोक इंजिन त्यात बसतं. गरम झाल्यावर मोजा, पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण कंपनीने सांगितलं तेवढंच ठेवा.

मुदत संपलेली गाडी तपासणीला चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, आणि तेवढ्या अंतरात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला दुसरा रस्ता

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी पात्र ठरते. साठच्या दशकातली जावा यात बसते. १९८५ मध्ये आलेली आरएक्स १०० अजून बसत नाही.

अर्ज फॉर्म २० वर, पोर्टलमार्फत. विमा, फी आणि जुनी आरसी जोडायची, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळचा कस्टमचा कागद. राज्याची समिती गाडी प्रत्यक्ष बघते आणि मान्य झाल्यास ६० दिवसांत फॉर्म २३अ वर प्रमाणपत्र मिळतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००. मुदत दहा वर्षं. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो.

पण अर्ज करण्याआधी एक अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथली ये-जा, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रविवारी सकाळी घाटात चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि पाच-पाच वर्षांनी पासिंग करत राहा. गाडी जपून दाखवायची असेल, तर व्हिंटेज. मधला मार्ग नाही.

पासिंग झाल्यावर

एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते: पुढे २८५ बाय ४५ मिलिमीटर, मागे २०० बाय १००. जुन्या मडगार्डवर ती नीट बसावी म्हणून मडगार्डला छिद्रं मारण्याआधी हे माप लक्षात घ्या. इंजिन नंबर किंवा रंग बदलला असेल तर विमा पॉलिसीतही त्याच आठवड्यात दुरुस्ती करून घ्या. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक यांच्यात ठरते, तेव्हा रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो दाखवून ती योग्य लावून घ्या.