कोरियात अमेरिका का उतरली?

ऑगस्ट १९४५. जपान शरण येणार हे दिसत होतं आणि सोव्हिएत फौजा कोरियात शिरत होत्या. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन तरुण कर्नलांना सांगितलं गेलं, सोव्हिएत आणि अमेरिकी फौजांमध्ये कोरियाची वाटणी कुठे करायची ते ठरवा. हाताशी होता नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा आणि वेळ जेमतेम अर्धा तास. राजधानी सोल अमेरिकेकडे राहावी म्हणून त्यांनी ३८ अंश अक्षांशावर बोट ठेवलं. कोरियन माणसाला कुणी विचारलंच नाही, आणि पुढच्या साऱ्या दुःखाचं मूळ मला तिथेच दिसतं.

खुद्द अमेरिकेला मात्र कोरियाचं फारसं मोल नव्हतं. १९४९ च्या जूनपर्यंत तिने आपलं सैन्य काढून घेतलं. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्रमंत्री डीन अॅचिसन यांनी पॅसिफिकमधली संरक्षणरेषा जाहीर केली, तीत कोरिया नव्हता.

मग २५ जून १९५० ला कम्युनिस्ट उत्तर कोरियाचे रणगाडे ३८ अंशाची रेषा ओलांडून दक्षिणेत आले, तेव्हा अमेरिका धावली कशासाठी?

मधल्या काळात बरंच घडलं होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरमध्ये चीन कम्युनिस्ट नेते माओंच्या हाती गेला. ‘चीन कुणी घालवला?’ म्हणून विरोधक राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना धारेवर धरत होते. ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत देताना, १९४७ मध्ये, त्यांनीच स्वतंत्र राष्ट्रांच्या पाठीशी उभं राहण्याचा शब्द दिला होता. कोरियाची बातमी कळल्यावर मिसुरीहून विमानाने परतताना त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधी जपान, इटली आणि जर्मनीने गिळलेले मांचुरिया, इथिओपिया, ऑस्ट्रिया आठवले, असं त्यांनी पुढे आठवणींत लिहिलं. तेव्हा लोकशाही देश गप्प बसले आणि आक्रमक शेफारले, ही बोच खरी होती. पण त्या चष्म्यातून कोरियन लोकांचं आपसातलं भांडण दिसलंच नाही. दिसला तो फक्त मॉस्कोचा हात.

२७ जूनच्या निवेदनात ट्रुमन यांनी अमेरिकेचं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत धाडलं आणि इंडोचायनात (व्हिएतनाम आणि शेजारच्या वसाहतींत) लढणाऱ्या फ्रेंचांची मदतही वाढवली. व्हिएतनामची वाट याच कागदावरून जाते.

पुढे तहाची बोलणी अडली ती युद्धकैद्यांवर. कुणालाही जबरदस्तीने कम्युनिस्ट राजवटीकडे परत धाडणार नाही, यावर ट्रुमन अडून बसले. अखेर २७ जुलै १९५३ ला युद्ध थांबलं आणि घरी जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी भारतीय जवानांच्या ताब्यात आले. त्या तुकडीचे प्रमुख होते आपले मेजर जनरल शंकरराव थोरात.