मणक्याचा टीबी आणि टेलर ब्रेस : पट्टा घेण्याआधी वाचा

आमच्या दुकानात पाठीसाठी पट्टा मागणाऱ्यांना आम्ही आधी विचारतो : दुखणं रात्री वाढतं का? संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरणं आहे का? तसं असेल तर आधी डॉक्टर, पट्ट्याचं नंतर बघू.

टीबीचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे हाडात येतात. हाडांच्या टीबीपैकी साधारण निम्मा मणक्यात असतो, त्याखालोखाल खुबा आणि गुडघा. मणक्यात तो चकतीलगतच्या दोन मणक्यांची पुढची बाजू पोखरतो. ती खचते, मागची बाजू टिकते, म्हणून कुबड येतं. पू साठला तरी त्वचा लाल किंवा गरम होत नाही. कमरेतला पू स्नायूतून जांघेत उतरतो आणि हर्निया वाटतो. सुरुवातीचा एक्सरे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. हाड बरंच झिजल्यावरच त्यात दिसतं. एमआरआय लवकर सांगतो, पण खात्री सुईने काढलेल्या नमुन्यावरूनच.

बरं करतात ती औषधं. साधारणपणे पहिले २ महिने चार, पुढचे १० महिने तीन. काहींना १८ महिन्यांपर्यंत. सरकारी केंद्रांवर ती मोफत मिळतात, इंदुरात एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात चौकशी करा. दुखणं थांबलं की गोळ्या सोडणारे पुष्कळ, आणि आजार उलटतो तो तिथेच. लघवी नारिंगी होणं चालतं. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा ओळखेना, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

टेलर ब्रेस म्हणजे कमरेपासून खांद्यापर्यंत पाठ धरणारा पट्टा. त्याचं काम एवढंच : पुढे वाकणं रोखून खचणाऱ्या मणक्यावरचा भार कमी करणं. छातीमागच्या मणक्याला साधा कमरपट्टा उपयोगाचा नाही, तो तिथवर पोचतच नाही. सुती बनियनवर, कुशीवर झोपूनच चढवा. मागच्या दोन धातूच्या पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना हव्यात, कण्यावर नकोत. आधी पोटाचा पट्टा खालून वर आवळा, मग खांद्याचे. कुबडावर पट्टी टेकली तर जखम होते. काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही तर ब्रेस घेऊन या, आम्ही पट्टी वाकवून देतो. औषध लागू पडलं की वजन वाढतं, म्हणून दर महिन्याला माप तपासून घ्या. मे महिन्यात घामाने पुरळ येतं. बनियन दिवसातून दोनदा बदला, पण ब्रेस किती तास घालायचा हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पाय लटपटू लागले, चप्पल पायातून नकळत सुटू लागली किंवा लघवी अडली, तर दुकानात येऊ नका. झोपवूनच त्याच दिवशी रुग्णालयात न्या.