एचपी५ की एक्सपी२? रोल धुवायला देण्याआधी एवढं वाचा

दोन्ही फिल्मच्या डब्यांवर इलफर्ड कंपनीचं नाव, दोन्ही ४०० स्पीडच्या (स्पीड म्हणजे फिल्मला उजेड किती पटकन लागतो तो आकडा), दोन्हींत ३६ फोटो आणि दोन्ही ब्लॅक अँड व्हाईट, त्यामुळे पहिल्यांदा फिल्म घेणारा दुकानदाराला म्हणतो कुठलीही द्या. एक असते एचपी५ प्लस, दुसरी एक्सपी२ सुपर. कॅमेऱ्यात दोन्ही सारख्याच बसतात, पण रोल संपल्यावर दोघींचे रस्ते पूर्ण वेगळे आणि ते माहीत नसेल तर आख्खा रोल हातचा जातो.

माझा गेलाय. गावच्या जत्रेचा रोल होता, एचपी५, मी काही न सांगता काउंटरवर दिला आणि त्यांनी कलरच्या मशीनमध्ये टाकला. परत आली ती कोरी पारदर्शक पट्टी, फोटो सोडा, कडेचे नंबरसुद्धा नाहीत. लॅबवाल्याला वाटलं मी कॅमेऱ्यात फिल्म नीट अडकवलीच नव्हती, मलाही तेव्हा तेच खरं वाटलं, कारण कळलं ते खूप नंतर.

तर कारण असं. प्रकाश पकडायचं काम दोन्हींत चांदीच्या क्षारांचे बारीक कणच करतात. एचपी५ मध्ये डेव्हलपर नावाचं रसायन उजेड लागलेल्या कणांची काळी चांदी करतं, फिक्सर (जुने लोक हायपो म्हणतात) उरलेले कण धुऊन काढतो आणि जी चांदी राहते तोच तुमचा फोटो. एक्सपी२ कलर फिल्मच्या पद्धतीने चालते, म्हणजे सी-४१ प्रोसेस. त्यात चांदी तयार होताना तिच्या आजूबाजूला रंगद्रव्याचे बारीक ढग तयार होतात, मग ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि मागे उरतो तो नुसता डाय, म्हणजे ते रंगद्रव्य. आता एचपी५ ला त्याच ब्लीचमध्ये घातलं तर काय होणार, चांदी गेली, डाय कधी झालाच नव्हता, उरलं प्लॅस्टिक. उलटी चूक एवढी महाग पडत नाही, एक्सपी२ ब्लॅक अँड व्हाईट डेव्हलपरमध्ये गेली तरी फोटो येतात, फक्त ती त्यासाठी बनवलेली नाही.

फोटो काढतानाही फरक जाणवतो. एक्सपी२ एकाच रोलमध्ये ५० पासून ८०० पर्यंत कुठल्याही स्पीडला वापरा, धुणं तेच, असं कंपनीच सांगते. वारीत हे फार कामाला येतं, भर दुपारी पांढरे सदरे नि टोप्या, आणि दोन मिनिटांनी मंडपातला अंधार, रोल न बदलता बाहेर २०० आणि आत ८०० ठेवायचं, पांढरे कपडे सपाट चुन्यासारखे होत नाहीत. शिवाय एक्सपी२ ला उजेड जास्त दिला की ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) बारीक होतो, एचपी५ ला जास्त दिला की वाढतो. पण एचपी५ ची खरी ताकद उलट्या बाजूला आहे, संध्याकाळी मीटर १६०० ला लावा, आख्खा रोल त्याच स्पीडने काढा आणि धुताना वेळ वाढवा, काळा असा गडद येतो आणि ग्रेन असा उठतो की मला तरी तो एक्सपी२ च्या गुळगुळीतपणापेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

आणि धुण्याचं म्हणाल तर एचपी५ घरीच धुवावी. ४०० ला काढली असेल तर डी-७६ नावाच्या डेव्हलपरमध्ये पाणी न मिसळता २० अंशांना साडेसात मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद फिल्म धुवायची छोटी बंद टाकी उलटीसुलटी करायची, बस. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांना कुठे असतं, म्हणून टबात बर्फ टाकून बाटल्या त्यात बुडवून ठेवायच्या आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं, मला ते बसणं पण आवडतं. रोल स्पायरलवर (टाकीतल्या गोल चक्रीवर) चढवताना मात्र पूर्ण अंधार हवा. तांबडा दिवा प्रिंटच्या कागदासाठी असतो, या दोन्ही फिल्मना तो पण दिसतो. एक्सपी२ ला डेव्हलपर ३८ अंशांना सव्वातीन मिनिटं लागतो, अर्धा अंश इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो, म्हणून ती मी सरळ लॅबला देतो.

स्कॅन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, स्कॅनरमध्ये धूळ काढणारा इन्फ्रारेडचा ऑप्शन एक्सपी२ वर चालतो, एचपी५ वर बंद ठेवायचा, कारण इन्फ्रारेड डायमधून आरपार जातो पण चांदी त्याला अडवते आणि मग स्कॅनर फोटोलाच धूळ समजून पुसायला लागतो. टिकण्यात चांदी पुढे, फिक्स आणि धुणं नीट केलं असेल तर. डाय हळूहळू फिकट होतो.

कोडॅकचीही अशी सी-४१ वाली ब्लॅक अँड व्हाईट होती, बीडब्ल्यू४००सीएन, ती २०१४ मध्ये बंद झाली. त्यामुळे जुन्या स्टॉकमध्ये तशी डबी मिळाली तर तीही कलरच्या मशीनलाच द्या.

माझं मत विचाराल तर पहिला रोल एक्सपी२ घ्या, बिनधास्त काढा, लॅबला द्या. दुसरा एचपी५ घ्या आणि घरी धुवा, टाकीचं झाकण उघडून ओली फिल्म पहिल्यांदा उजेडाकडे धरताना जे होतं ते लॅबच्या पाकिटातून येत नाही. आणि कुठलाही ब्लॅक अँड व्हाईट रोल काउंटरवर देताना डबीवर सी-४१ लिहिलंय का ते स्वतः बघा, नसेल तर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा, "ब्लॅक अँड व्हाईट केमिकल, कलरमध्ये टाकू नका".