सर्व्हे रिपोर्टमधले टक्के कसे वाचायचे

रिपोर्ट पाठवला की बऱ्याच जणांचा फोन येतो, 'अहो बेरीज 180 टक्के कशी आली, काहीतरी चुकलंय.' चुकलेलं नाहीये. ज्या प्रश्नाला एकापेक्षा जास्त पर्याय टिक करता येतात तिथे बेरीज 100 च्या पुढे जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पण काही तक्त्यांखाली अशीच टीप असते.

समजा तुमची खानावळ आहे, 'आमच्याकडे का येता' ह्याला 80 जणांनी उत्तर दिलं, चवीला 48 टिक, भावाला 40, घरपोच डब्याला 36 आणि स्वच्छतेला 20. आम्ही भागतो माणसांनी, म्हणजे 80 नं, म्हणून 60, 50, 45 आणि 25 टक्के. एकूण टिक 144, त्यानं भागलं तर चव 33 वर येते आणि बेरीज छान 100 होते, पण मग किती गिऱ्हाईकं चवीसाठी येतात ते कळतच नाही, फक्त टिकांमधला वाटा कळतो. गूगल फॉर्म्सचा चेकबॉक्सचा ग्राफ पण माणसांनीच भागतो. आणि ह्याच कारणासाठी अशा प्रश्नाला आम्ही पाय चार्ट देत नाही, कितीही सुंदर दिसला तरी, बारच देतो.

खरी गडबड पुढे होते. चव 60, भाव 50, म्हणून 'ह्या दोन गोष्टींसाठी 110 टक्के लोक येतात' असं होऊ शकत नाही ना! निदान 8 जणांनी दोन्हीवर टिक केलेलंच आहे, जास्तीत जास्त 40 जणांनी केलं असेल, नक्की किती ते ह्या टक्क्यांवरून निघत नाही, त्यासाठी मूळ एक्सेल शीटमध्ये एकेका माणसाची ओळ बघावी लागते. हवं असेल तर आधी सांगा, आम्ही काढून देतो.

टक्क्याशेजारचा माणसांचा आकडा प्लीज वाचत जा. 25 जणांत एक माणूस म्हणजे 4 टक्के, तिथे 36 आणि 40 मध्ये फरक फक्त एकाच माणसाचा, त्यावर मेन्यू बदलू नका. आणि प्रश्न सोडून दिलेले लोक आम्ही धरत नाही, 100 जणांनी फॉर्म भरला पण ह्या प्रश्नाला 80 च उत्तरं आली तर भागायचं 80 नंच.

मागच्या वर्षी घरपोच 45, यंदा 54 असेल तर वाढ 9 पॉइंटची, म्हणजे 54 वजा 45, तीच जुन्या 45 च्या तुलनेत 20 टक्के वाढ म्हणून पण सांगता येते, जाहिरातीत काय छापायचं ते आधी विचारा. यंदा नवा पर्याय घातला असेल तर मात्र जुन्या आकड्याशी तुलना जपून करा, कारण काही टिक तिकडे सरकलेले असू शकतात.